भिंतीवरचे टिपणीस

जाहिरात पाहायची असली की टिपणीस आधी तिच्यापासून दूर जातात. सिग्नल मिळाला तर रस्ता ओलांडून समोरच्या फुटपाथवर, स्टेशनात असले तर पार पलीकडच्या खांबापाशी, आणि मागे जागाच नसली तर मागच्या माणसाच्या पायावर. तेथे उभे राहून ते डोळे अर्धवट मिटतात, मान डावीकडे टाकतात आणि निकाल देतात. निकाल बहुधा प्रतिकूल असतो. "ओरडतंय, पण ऐकू येत नाही," असे काहीतरी ते म्हणतात. एवढ्यात त्यांची बस निघून गेलेली असते. मी बरोबर असल्यास माझीही.

हे गृहस्थ या शहरवजा बेटाच्या बेडोक भागात माझ्याच मजल्यावर राहतात. आमच्या दोन दारांमध्ये एका चिनी म्हातारीच्या कुंड्या आणि एका मलय कुटुंबाच्या सायकली आहेत. यापेक्षा जास्त अंतर असते तर मला चालले असते. मी जहाजावरचा चीफ इंजिनिअर होतो. आयुष्य इंजिनरूममध्ये गेले. तेथे भिंतीवर जे लिहिलेले असते ते निमूटपणे वाचायचे असते, कारण न वाचल्यास माणूस भाजतो. त्यामुळे भिंतीकडे रसिकतेने पाहणारा माणूस मला प्रथमपासून संशयास्पद वाटला. टिपणीस मला 'चीफ' म्हणतात. मी त्यांना आडनावाने हाक मारतो. आमची मैत्री यापुढे गेलेली नाही, आणि जावी अशी माझी इच्छाही नाही.

टिपणीस तांजोंग पगार भागातल्या एका बँकेत कम्प्लायन्स, म्हणजे नियम पाळले जातात की नाही हे पाहणाऱ्या, खात्यात होते. बँकेच्या जाहिरातीच्या तळाशी मुंग्यांची रांग असावी तशी अक्षरे असतात: अटी लागू, परताव्याची हमी नाही, निर्णयापूर्वी तज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. ही रांग टिपणिसांच्या सहीने निघत असे. उभ्या नोकरीत त्यांनी ती लांबवत नेली. आणि संध्याकाळी घरी येऊन ज्या कलेवर जीव लावला, तिच्यात अक्षरे जवळजवळ नसतातच. ही विसंगती त्यांच्या ध्यानात आल्याचे कधी दिसले नाही. विसंगती ध्यानात न येणे हीच त्या खात्याची पात्रता असावी.

ती कला म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची, मुख्यतः पॅरिसची, चित्रमय भित्तिपत्रके. आपल्याकडे ज्या शिळाप्रेसवर पोथ्या छापल्या, त्याच दगडांवर तिकडच्या लोकांनी साबण, सायकली, कोको आणि रॉकेल विकले. चित्रकार चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर तेलकट खडूने उलटे चित्र काढी. प्रत्येक रंगाला वेगळा दगड. एकच कागद एकामागून एक सगळ्या दगडांवर दाबला जाई, आणि तो केसभर सरकला तर चित्रातल्या बाईला दोन नाके येत. हे सारे मला टिपणिसांनी सांगितले. मी विचारले नव्हते. दगड, दाब आणि शाई एवढ्यापुरते ते यंत्रशास्त्र आहे आणि म्हणून आदरास पात्र आहे, हे मी मान्य करतो. रॉकेलच्या दिव्याची वात वर करताना पिवळा झगा घातलेली बाई इतकी हसत का असावी, हे मात्र मला अद्याप पटलेले नाही. मी लहानपणी रॉकेलच्या दिव्यावर अभ्यास केला आहे. त्यात हसण्यासारखे काही नसते.

अशी दोन अस्सल भित्तिपत्रके टिपणिसांच्या घरात आहेत. एक हे दिव्याचे, दुसरे सायकलचे. सायकलवरची बाई माणसाएवढी उंच असून निजायच्या खोलीची आख्खी भिंत तिने घेतली आहे. इथल्या दमट हवेत कागदाला बुरशी येते, म्हणून त्या खोलीत एसी आणि हवेतले पाणी शोषणारे एक यंत्र सदैव चालू असते. पाहुणे बाहेर पंख्याखाली घाम पुसत बसतात. शैलावहिनी, म्हणजे टिपणिसांच्या पत्नी, पेणच्या आहेत आणि बोलताना हातचे राखत नाहीत. त्या मला म्हणाल्या, "भाऊजी, या घरात आल्यापासून माझ्या खोलीत एक परकी बाई सायकलवर बसलीय. थंड हवा तिला. मी आपली स्वयंपाकघरात उकडतेय." मात्र पावसाची झड लागली की त्या ओले कपडे त्याच खोलीत, त्याच बाईच्या नाकासमोर दोरी बांधून वाळत घालतात. टिपणीस बाहेर गेले की दोरी चढते आणि लिफ्टचे दार वाजले की उतरते. ही दोरी मी स्वतः पाहिली आहे. साक्षीला बोलावल्यास पाहिली नाही म्हणेन.

टिपणिसांचे एक लाडके वाक्य आहे: "धावत्या माणसाला कळलं पाहिजे." भित्तिपत्रक हे घाईने जाणाऱ्यासाठी असते, एक चित्र, एक नाव, संपले, असा त्याचा अर्थ. हा नियम ते सगळीकडे लावतात. वहिनी माहेरची हकीगत सांगू लागल्या की, "शैला, धावत्या माणसाला कळेल असं सांग." डॉक्टर गुडघ्यांविषयी बोलू लागला की त्यालाही तेच. स्वतः मात्र या नियमाचे विवरण ते बसलेल्या माणसापुढे तासभर करतात. त्या तासात आपण धावत असतो तर बरे झाले असते, असे बसलेल्या माणसाला वाटते.

फ्रान्समध्ये त्या काळी भिंतीवर लावायच्या कागदाला सरकारी कराचे तिकीट चिकटवावे लागे. ते तिकीट टिपणिसांना बाईपेक्षाही प्रिय आहे. "कम्प्लायन्स तेव्हाही होता, चीफ," ते भिंगातून ते तिकीट दाखवत म्हणतात, "पण तिकिटाएवढा. कोपऱ्यात गप्प बसायचा. बाईच्या झग्यावर चढायचा नाही."

एका वर्षी इथल्या मराठी मंडळींनी गणेशोत्सवाचा फलक करून घेतला आणि सभेत कौतुकाने उलगडला. टिपणीस लगेच सभागृहाच्या शेवटच्या भिंतीपर्यंत मागे गेले. तेथून त्यांचा आवाज आला.

"यात गणपती शोधा!"

टॅम्पिनीसला राहणारा एक आयटीतला तरुण त्या वर्षी चिटणीस होता. तो म्हणाला, "काका, मधोमध तर आहे."

"प्रायोजकांनी चिरडलाय बिचाऱ्याला. सोंड दिसतेय, तीसुद्धा घरांच्या एजंटच्या फोन नंबराखाली."

"स्पॉन्सरशिवाय मोदक येत नाहीत, काका."

"मग मोदकाचंच चित्र काढा. निदान खरं तरी बोला."

त्यानंतर कार्यकारिणीच्या बैठकीचे बोलावणे टिपणिसांना आले नाही. हे त्यांच्या बरेच दिवस लक्षात आले नाही. कार्यकारिणीच्या मात्र लगेच लक्षात आले, कारण बैठका वेळेवर संपू लागल्या.

या माणसाला एकच मुलगी, मृणाल. मुलांनी बापाचे वेड घेऊ नये अशी व्यवस्था निसर्गाने केलेली असते. येथे ती फसली. पोरगी बालवाडीत असल्यापासून टिपणीस तिला मांडीवर घेऊन उलटी अक्षरे शिकवत. दगडावर उलटे लिहिले तरच कागदावर सुलटे उमटते, म्हणून. परिणामी मुलगी वहीवर स्वतःचे नाव आरशात दिसावे तसे लिहू लागली. शिक्षिकेने आईबापांना बोलावून घेतले आणि मुलीला तज्ज्ञांना दाखवा असे हळुवारपणे सुचवले. टिपणिसांनी वही दूर धरून पाहिली आणि म्हणाले, "आडनावातल्या एसला वळण कमी पडलंय. बाकी तयारी उत्तम आहे." त्या शिक्षिकेने पुढच्या वर्षी दुसरा वर्ग मागून घेतला, असे वहिनी सांगतात.

मृणाल मोठी झाली, डिझाइन शिकली आणि तांजोंग पगारच्याच एका जाहिरात संस्थेत लागली. तिची पहिली मोठी जाहिरात थंड चहाच्या बाटलीची होती. ती एका बसस्टॉपवर लागली तेव्हा समोरच्याच रेस्टॉरंटमध्ये तिने सर्वांना जेवायला बोलावले: आईबाप, तिच्या ऑफिसातले दोघेतिघे, आणि मी. टिपणिसांनी रस्ता ओलांडला. परत आले ते चुका घेऊन. बाटली मध्यावर का, सावली कोणत्या उन्हाची, लाल रंग आजारी का दिसतो, नाव बाटलीवर आहे तर वर पुन्हा कशाला. ऑफिसातली मुले आधी हसली, मग दाराशी लावलेल्या मेनूकार्डात डोके घालून उभी राहिली. टिपणीस पुन्हा रस्ता ओलांडून खात्री करून आले. राखून ठेवलेले टेबल दुसऱ्या कोणाला गेले. मी उपाशी घरी आलो, म्हणून तो प्रसंग मला नीट आठवतो.

मृणाल सगळे ऐकून घेत होती. शेवटी इथल्या इंग्रजीतला 'लाह' लावून म्हणाली, "इनफ लाह, बाबा. तुम्ही बघत नाही. तुम्ही तपासता."

पुढच्या महिन्यात तिने वेगळी खोली घेतली. तेव्हापासून ती आईशी फोनवर बोलते आणि बापाविषयी "बरे आहेत ना?" एवढे विचारते. टिपणीस वहिनींच्या शेजारी बसून ऐकतात आणि "बरा आहे म्हणावं," असे सांगतात. त्या दोघांतला संवाद इतका धावत्या माणसाला कळेल असा झाला होता, की टिपणिसांचे समाधान व्हायला हवे होते.

यंदा मृणालला ॲमस्टरडॅमला नोकरी मिळाली. जाण्याच्या आधीच्या आठवड्यात शैलावहिनींनी मला बोलावून घेतले आणि काही न बोलता मोड आलेल्या वालांचे पातेले माझ्यापुढे ठेवले. मी सोलू लागलो. टिपणीस त्या वेळी शीतगृहात, म्हणजे निजायच्या खोलीत होते.

"शनिवारी मृणाल जेवायला येतेय," वहिनी आवाज खाली आणून म्हणाल्या. "जायच्या आधी एकदाच. बिरडं कर म्हणाली."

"चांगले आहे."

"चांगलं कसलं? अट घातलीय. बाबांनी एक चूक काढली तरी ताटावरून उठेन म्हणालीय. आणि ती उठेल, भाऊजी. बापावरच गेलीय. मग ती जाईल तिकडे थंडीत, हे बसतील इथे थंडीत, आणि मी दोघांच्या मधे फोन धरून मरून जाईन."

"त्यांना गप्प बसायला सांगा."

"सांगितलं की! म्हणाले, मी तोंड उघडणार नाही. आणि लगेच विचारलं, ती हल्ली काळी बाह्यरेषा वापरते का." वहिनींनी एक वाल इतक्या जोरात दाबला की तो ओट्याखाली गेला. "तिची नवी जाहिरात टॅम्पिनीस स्टेशनात लागलीय. मोठी आहे म्हणे. हे अजून तिकडे फिरकले नाहीत. एरवी टूथपेस्टच्या जाहिरातीसाठी बेट पालथं घालतात. तुम्ही घेऊन जा. काय ओकायचंय ते तिथंच ओकून येऊ दे. शनिवारी पोटात काही शिल्लक नको."

मी नकार देणार होतो. दुसऱ्याच्या घरातल्या दुरुस्त्या मी करत नाही. परंतु बॉयलरच्या तळाचा गाळ वेळीच दाबाने बाहेर सोडला नाही तर पुढे काय होते, हे मी पाहिलेले आहे. शिवाय निम्मे वाल सोलून झाले होते, आणि हातातले काम अर्धवट टाकण्याची मला सवय नाही.

टिपणीस निमूटपणे माझ्याबरोबर निघाले, यावरूनच काहीतरी बिनसले आहे हे मी ओळखायला हवे होते. गाडीत समोरच एका मलमाची अत्यंत वाईट जाहिरात होती. त्यांनी तिच्याकडे पाहिले नाही.

टॅम्पिनीस स्टेशनात त्या भिंतीपाशी पोहोचल्यावर ते सवयीप्रमाणे थेट पलीकडच्या खांबाला जाऊन टेकले. जाहिरात एका विमा कंपनीची होती. बाजारातून परतणारी एक ठेंगणी चिनी मावशी. हातात चाकांची पिशवी. पिशवीतून एक संत्रे निसटून उतारावरून घरंगळत निघाले आहे, आणि मावशी, दोन शाळकरी मुली, एक मांजर, सगळ्यांच्या माना त्या संत्र्याकडे वळल्या आहेत. सपाट रंग, जाड काळी रेषा. त्या सायकलवालीची ही धाकटी बहीण शोभली असती, हे माझ्यासारख्यालाही दिसले. खालच्या तिसऱ्या भागात कंपनीचे नाव, एक घोषवाक्य, फोनने टिपायचा चौकोन आणि मुंग्यांची रांग.

"बोला," मी म्हणालो. "काय असेल ते सगळे बोलून टाका."

"अक्षरं चित्राच्या मानेवर बसलीत," टिपणीस म्हणाले. "संत्र्याला खाली जागा नाही. उतार मधेच कापलाय. मुलींच्या मोज्यांचा निळा उगीच आहे." मी समाधानाने ऐकत होतो; गाळ बाहेर पडत होता. मग ते थांबले आणि म्हणाले, "चीफ, तुमच्याकडे पेपर आहे ना? जरा तो अक्षरांवर धरा."

"कशासाठी?"

"जुन्या काळी अक्षरं छापायच्या आधी काही प्रती काढून ठेवत. नुसतं चित्र. दुकानदाराचं नाव नाही, पत्ता नाही. चित्रकाराच्या हातचं जेवढं, तेवढंच. शौकीन लोक त्या प्रतीसाठी जीव टाकायचे. धरा ना."

अशा रीतीने, एकेकाळी ज्याच्या शब्दाखेरीज जहाज बंदर सोडत नसे असा मी, दुपारच्या गर्दीत स्टेशनच्या भिंतीला वर्तमानपत्र लावून हात फैलावून उभा राहिलो. "खाली, चीफ! अजून खाली! डावा कोपरा दिसतोय!" खांबाकडून हुकूम येत होते. एका शाळकरी पोराने माझा फोटो काढला. मी त्याच्याकडे पाहिले. त्याने फोन खिशात ठेवला.

गणवेशातली एक तरुण कर्मचारी लगबगीने आली. "अंकल, कॅनॉट कव्हर द ॲड लाह. दे पे मनी, यू नो."

"आय ॲम नॉट कव्हरिंग," मी म्हणालो. "आय ॲम होल्डिंग." कव्हर करणारा इसम खांबापाशी आहे, असे मी मानेने दाखवले.

टिपणीस जागचे हलले नाहीत. तेथूनच, स्टेशनभर ऐकू जाईल अशा आवाजात, त्यांनी तिला इंग्रजीत सांगितले, "चित्र माझ्या मुलीने काढले आहे. खालचे काही तिचे नाही." गेली दोन-अडीच वर्षे 'माझी मुलगी' हे शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकले नव्हते. ते माझ्या घरात बोलून दाखवता येण्यासारखे होते. स्टेशनची गरज नव्हती.

ती कर्मचारी मुलगी दोन पावले मागे गेली आणि मान कलती करून पाहू लागली. या रोगाची लागण होते. "वाह," ती म्हणाली, "विदाऊट वर्ड्स नायसर, हॉर?" मग तिला हुद्दा आठवला. "ओके अंकल, टू मिनिट्स ओन्ली. आफ्टर दॅट मस्ट टेक डाऊन."

वर्तमानपत्र उतरल्यावर टिपणीस भिंतीजवळ आले. जाहिरातीच्या जवळ गेलेले मी त्यांना प्रथमच पाहिले. चष्मा कपाळावर सारून, नाक टेकेल इतके वाकून ते मुंग्यांची रांग वाचू लागले.

"हे तिसरं वाक्य बघा," ते हळूच म्हणाले. "जवळजवळ माझंच आहे. मी बँकेत बसवलं होतं. मग एकाचं पाहून दुसऱ्याने घेतलं. आता सगळेच घालतात."

मी वर्तमानपत्राची घडी घातली.

"दीड ओळ आहे. दीड ओळ नसती ना, चीफ, तर उतार कापावा लागला नसता. संत्र्याला जागा झाली असती." त्यांनी चष्मा खाली घेतला. "सही करताना चित्र कुठं जाईल, हे कधी मनातच आलं नाही. वाटायचं, खालची जागा रिकामीच असते."

मी त्यांना हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, नेले, इथली दाट गोड कॉफी मागवली आणि कामाला लागलो.

"शनिवारी ती विचारेल. तुम्ही म्हणायचे, 'छान आहे.' म्हणून दाखवा."

"छान आहे, पण..."

"पण नको."

"छान आहे. तथापि..."

"तथापि हा पणचाच थोरला भाऊ आहे."

"एकूण विचार करता छान आहे."

"'एकूण' ऐकताच ती चपला घालेल."

"चीफ, नुसतं 'छान' म्हणायचं म्हणजे न वाचता सही करणं झालं. मी जन्मात केली नाही." शेजारच्या टेबलावरचे दोन म्हातारे आमच्याकडे बघू लागले. टिपणिसांनी कपातला चमचा उगाच फिरवला. "चुका आहेत तिच्यात. मी खोटं कसं बोलू?"

"ते चित्र तुम्हाला आवडले की नाही?"

त्यांनी कप दूर सारला. मग म्हणाले, "ते संत्र घरंगळतंय ना... तुम्ही पेपर धरला होता तेव्हा मी एकदम पुढे झालो. मला वाटलं आता ते फलाटावर पडणार. हात पुढे गेला माझा. तुम्ही पाठमोरे होतात."

"हेच तिला सांगा."

"हे कसं सांगणार?" ते खरोखर चकित झाले होते. "हे काही परीक्षण नाही."

मी कॉफी संपवली. काही यंत्रे दुरुस्तीपलीकडची असतात. मी वहिनींना फोन करून सांगितले की गाळ काढण्याचा प्रयत्न केला. शनिवारची हमी देत नाही.

शनिवारी मृणाल आली. केस आखूड कापलेले, हातात आईसाठी पिशवी, माझ्यासाठी वाकून नमस्कार, बापासाठी "बाबा" एवढा एक शब्द. टिपणीस इस्त्रीचा सदरा घालून बसले होते. चौघे जेवायला बसलो. वहिनी अखंड बोलत होत्या: ॲमस्टरडॅमची थंडी, लोकरीचे मोजे, तिकडे वाल मिळतात की नाही. मृणाल हो-नाही करत होती. टिपणीस ताटाकडे पाहत जेवत होते, आणि त्यांच्या गळ्याची शीर मला वाफेच्या नळीसारखी दिसत होती. मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. वेळ आल्यास पायावर पाय द्यायचा, असे मी ठरवले होते.

दुसऱ्या वाढीला मृणालनेच घास खाली ठेवला.

"बाबा, तुम्ही टॅम्पिनीसला जाऊन आलात म्हणे. आई बोलली."

वहिनींनी स्वतःच्याच कपाळावर हात मारला.

"मग?" मृणाल म्हणाली. आवाज अगदी सपाट होता. खुर्ची मात्र तिने जराशी मागे सरकवली होती. फरशीवर तिचा आवाज झाला. "किती चुका?"

वहिनींच्या हातातला डाव हवेत राहिला. टिपणिसांनी मान वर केली. त्यांचे ओठ जुळले, आणि पुढचे अक्षर 'प' आहे याविषयी मला शंका राहिली नाही. मी पाय उचलला.

"मृणाल," ते म्हणाले, "मला त्यातलं काही कळत नाही."

आम्ही तिघेही पुढच्या वाक्याची वाट पाहत थांबलो. ते आले नाही. हा इसम निजायची खोली एका परक्या बाईला देऊन बसला होता, गणपतीला त्याने नापास केले होते, एका शिक्षिकेला वर्ग बदलायला लावला होता. बंदरात मी एजंटांचे, पुरवठादारांचे आणि कप्तानांचे पुष्कळ खोटे ऐकले आहे. इतके उघड खोटे, इतक्या सरळ चेहऱ्याने, कोणी बोलले नव्हते.

मृणाल त्यांच्याकडे पाहत राहिली. "काही कळत नाही?"

"नाही."

"रंगांचंही?"

"रंगांचंही नाही."

तिने नाक ओढले. बिरड्यात मिरची बेताची होती. मी ते खाल्ले होते. मग तिने खुर्ची पुढे ओढली, पाण्याचे भांडे बाजूला सारले आणि कोशिंबिरीची वाटी टेबलाच्या मधोमध आणली.

"बघा हां. ही मावशी. हे लिंबू म्हणजे संत्र. रंग कमी ठेवायचे, बाबा, म्हणजे लांबून दिसतं."

"असं होय," टिपणीस म्हणाले.

"आणि काळी रेषा एवढ्यासाठी, की माणूस घाईत असला तरी त्याला आकार कळावा."

"घाईत असला तरी," टिपणिसांनी तिच्यामागून म्हटले. "असं असतं का ते?"

"हो. असंच असतं."

पहिल्या दिवशी वर्गात बसवलेल्या मुलासारखे हात मांडीवर ठेवून ते ऐकत होते. मधून मधून एखादा बावळट प्रश्न विचारत होते, आणि ती पोरगी तो खरा मानून सविस्तर उत्तर देत होती. भात निवत होता. वहिनींनी डाव खाली ठेवला आणि तोंड भिंतीकडे फिरवले.

कोणी ताटावरून उठले नाही.